गोटा दिसला होता

लेकीनं फोनवर ‘कनू’ म्हटलं तेव्हा मला वाटलं, तिच्या कुणा मैत्रिणीच्या बाळाचं नाव असेल. आमच्या सौंसरला कनू, मनू, छकू अशी लाडाची नावं घरोघरी असतात. मग तिनं फोटो पाठवला. लांबट, निमुळती, दोन्ही टोकांना वर वळलेली एक नाव, तिच्यात गुडघे टेकून बसलेली दोन माणसं, आणि भोवती नुसता पांढरा फेस. खाली स्पेलिंग होतं, ते मी ‘कॅनो’ असं वाचलं. लेक हसली. “आई, कनूच म्हणतात. तुम्ही जूनमध्ये ओटावाला येताय ना, तेव्हा दोन दिवस आपण सगळे जाऊ. शिकवणारे सोबत असतात.”

मी म्हटलं, “बाई, मला पोहता येत नाही.”

“लाइफ जॅकेट असतं.”

“माझे गुडघे?”

“त्याखाली उशी असते.”

हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, “जाऊ की. त्यात काय एवढं? नाव तर वल्हवायची.” यांचं असंच असतं. ज्या गोष्टीला कधी हात लावला नाही, ती यांना आधीपासूनच येत असते.

तुम्ही म्हणाल, नदीकाठच्या गावची बाई पाण्याला घाबरते कशी? माझं माहेर पांढुर्ण्याचं, जाम नदीच्या काठचं. पण आमची जाम म्हणजे उन्हाळ्यात दगडांची नदी. गुडघाभर पाणी, त्यात धुणं आणि म्हशी. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं, त्याला झेंडा बांधायचा, आणि या काठावरून पांढुर्ण्याच्या लोकांनी, त्या काठावरून सावरगावच्या लोकांनी एकमेकांवर गोटे मारायचे. का, तर म्हणे या गावच्या मुलानं त्या गावची मुलगी पळवली होती आणि दोघं नदीतच सापडली. त्या खेळात माणसं मेलीत, कितीतरी जन्माचे जायबंदी झालेत, तरी तो थांबला नाही. आमच्या जैनाच्या घरात त्या दिवशी दारं-खिडक्या बंद असत. बाबा देवघरात बसून राहत. आम्ही मुली गच्चीवरच्या जाळीतून डोकवायचो, की आई ओरडायची, “काय पाहता तिथे? माणसं माणसाला मारतात ते?”

म्हणजे नदी हे पुरुषांचं मैदान आणि आपण जाळीच्या आत, हे मला लहानपणीच कळलेलं. नदीत उतरून काही करायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही. पोहणं तर सोडाच.

तर जून महिन्यात आम्ही कॅनडात. चातुर्मास लागायच्या आत परत यायचं, या अटीवर मी निघाले होते. ओटावापासून दोन-अडीच तासांवर पामर रॅपिड्स नावाचं छोटं गाव आहे. तिथून मॅडवास्का नदी वाहते. अल्गॉन्क्विनच्या जंगलात उगम पावायचं आणि सव्वादोनशे किलोमीटरच्या वर धावून ओटावा नदीला मिळायचं, असा तिचा प्रवास. आपली जाम कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला, तसंच. एकोणिसाव्या शतकात याच पाण्यातून पाइनचे मोठमोठे ओंडके सोडून खाली गिरण्यांपर्यंत न्यायचे. त्याच्याही आधीपासून अल्गॉन्क्विन लोक भूर्जासारख्या बर्च झाडाच्या सालीच्या नावा बांधायचे. साल झाडाच्या मुळांनी शिवायची आणि सांधे झाडाच्याच डिंकानं बुजवायचे. आता नावा प्लास्टिकच्या, पण घाट तोच.

डिंक हा शब्द ऐकल्यावर मला काहीतरी टोचलं. ते पुढे सांगते.

आमची शिकवणारी तिशीतली एक मुलगी होती. तिनं विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, भारताच्या मध्यावर सौंसर म्हणून गाव आहे, आधी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. जावई इंग्रजीत सांगता सांगता दमले. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे संत्र्यांचं गाव.” एवढं पुरे होतं.

माझ्या अंगावर आयुष्यात पहिल्यांदा रबराचा घट्ट सूट चढला, त्यावर जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. हे मला पाहून हसले, पण त्यांचं पोट पाहून मीही हसून घेतलं. डास आणि काळ्या माशा इतक्या, की लेकीनं जाळीच्या टोप्या आणल्या होत्या. बाकीचे फटाफट मारत होते. मी नुसती हात हलवत होते. ती मुलगी म्हणाली, तुम्ही मारत का नाही? मी म्हटलं, आमच्यात मारत नाहीत. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिनंही हात खाली घेतला. तेवढ्यापुरता का होईना.

खाण्याची सोय मी घरूनच केली होती. दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणजे तिथे गैरसोय काहीच नाही, जूनमध्ये सूर्य जवळजवळ नऊला मावळतो. पाणी गाळायचं फडकंही बरोबर होतं. त्यांच्याकडे पंपाची गाळणी होती, तरी मी फडक्यातून गाळून मगच पुढे दिलं आणि फडकं उलटं करून, त्याच नदीच्या पाण्यात हलकेच धुतलं. ज्या पाण्यातले जीव त्या पाण्यात परत. त्या मुलीनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, आमचाही नियम आहे, नदीतून काही न्यायचं नाही, नदीत काही टाकायचं नाही. आमचं दोघींचं इथून जमायला लागलं.

पहिला अर्धा दिवस शांत पाण्यात शिकवणी. नावेत बाकावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे, म्हणजे वजन खाली राहतं आणि नाव डुलत नाही. वल्हं पुढे टाकून ओढायचं, कडेला टाकून नाव आपल्याकडे खेचायची, टेकवून ढकलायची. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे, बोटं पाण्यावर. धावत्या पाण्यात उभं राहायची घाई करायची नाही, कारण पाय दोन दगडांत अडकला की वरून येणारं पाणी माणसाला खाली दाबून टाकतं. नावेच्या खालच्या अंगाला राहायचं नाही, नाहीतर आपण नाव आणि दगडाच्या मध्ये.

मग तिनं पाणी वाचायला शिकवलं. मला हेच सगळ्यात आवडलं. पाण्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार दिसतो. त्याचं टोक खालच्या बाजूला असेल, तर दोन दगडांमधून वाट आहे, तिथून जायचं. टोक आपल्याकडे, वरच्या बाजूला असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली गोटा दडलाय. दगडाच्या मागे पाणी उलटं फिरून शांत झालेलं असतं, तिथे शिरून श्वास घ्यायचा. ती सांगत होती आणि मला आठवलं, तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार. जिथून पलीकडे जाता येतं ती जागा. तो उतार जे दाखवतात ते तीर्थंकर. पाठशाळेत हे पाठ केलं होतं. उतार शोधायला पाणी इतकं निरखून पाहावं लागतं, हे पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

मग आला खरा प्रश्न. पुढे कोण आणि मागे कोण?

मागे बसतो तो नाव वळवतो. हे लगेच म्हणाले, “मी मागे.” स्कूटरवर, मोटारीत, दुकानात, तीस वर्षं सुकाणू यांच्याच हाती, त्यामुळे मलाही ते बरोबरच वाटलं. मी पुढे जाऊन गुडघे टेकले. त्या मुलीनं मात्र वाकून मला सांगितलं, “पुढचा माणूस नावेचे डोळे. मागच्याला तुमच्या पाठीशिवाय फारसं दिसत नाही. दगड दिसला की ओरडायचं. कुठल्याही भाषेत ओरडा, पण ओरडा.” आणि हसून म्हणाली, या दोघांच्या नावेला आमच्याकडे घटस्फोटाची नाव म्हणतात. जावई खो-खो हसले. लेक हसली नाही.

दुपारी पहिल्या धावत्या पाण्यात शिरलो. नद्यांच्या पाण्याच्या तिकडे एक ते सहा अशा पायऱ्या असतात. सहा म्हणजे जिवाशी खेळ. आमचं दुसऱ्या पायरीचं, म्हणजे शिकाऊंचं. पण आत शिरल्यावर पायरी कुणाला आठवते? आवाजच एवढा, की जणू कापसाच्या जिनिंगमध्ये उभे आहोत. मागून हे ओरडत होते, “सरळ! सरळ!” आवाजात काय तो भरवसा!

आणि मला तो दिसला. डावीकडून पाणी गुळगुळीत होऊन वर फुगत होतं, आणि त्याचं टोक माझ्याकडे. सरळ गेलो तर त्याच्यावरच. मला पक्कं दिसलं. वळायला वेळही होता.

मी बोलले नाही.

का, ते सांगते. मनात आलं, हे सरळ म्हणतात म्हणजे यांनाही दिसलं असेल. काहीतरी विचार केला असेल. आपण मध्येच बोललो आणि चुकलो तर? एवढं सगळं त्या तीन-चार श्वासांत मनात आलं. सवयीला वेळ लागत नाही.

नाव गोट्यावर आडवी चढली. आदळलं की माणूस आपोआप दगडापासून लांब, वरच्या प्रवाहाकडे झुकतो. तसे आम्ही दोघं झुकलो. नेमकं तेच चुकतं. त्या वेळी दगडाकडेच झुकायचं असतं, त्याला जवळजवळ मिठी मारायची. लांब झुकलं की वरचं पाणी नावेत शिरतं. शिरलंच. पुढच्या क्षणी मी बर्फासारख्या पाण्यात, नाकातोंडात पाणी, तोंडात णमोकार. पण उताणी झाले, पाय पुढे केले, आणि जॅकेटनं मला वर धरलं. पन्नासेक पावलं खाली शांत पाण्यात त्या मुलीनं दोर फेकला. तो धरून मी काठाला लागले. हे माझ्या आधीच पोचले होते.

चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकत होता, अंगातून पाणी निथळत होतं, आणि हे म्हणाले, “दिसला नव्हता काय तुला तो गोटा?”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. हेच, याच सुरात.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं सौंसरला कापडाचं दुकान आणि गावाबाहेर संत्र्याचा बगीचा. सासूबाई आजारी असल्यामुळे त्या पावसाळ्यात मजुरांचा डबा घेऊन मी बगीच्यात जायची. एक दिवस पाहिलं, पाच-सहा झाडांच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर वर, डिंकाचे मणी आलेले. साल चिरलेली, पानं शिरांजवळ पिवळी. माझ्या माहेरी बगीचा होता. डिंक्या कसा दिसतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाबा पावसाळ्याआधी किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि दहा लिटर पाणी कालवून बोर्डो पेस्ट करायचे आणि आम्हा बहिणींना ब्रश देऊन बुंधे निळसर रंगवायला लावायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा.

मी घरी येऊन काही बोलले नाही. त्याआधी एकदा दुकानातल्या उधारीबद्दल बोलले होते, तेव्हा सासरे सगळ्यांसमोर म्हणाले होते, “सूनबाईनं माहेरचं शहाणपण माहेरीच ठेवून यावं.” सगळे हसले होते. हेही हसले होते. मग ठरवलं, आपण स्वयंपाकघर बरं. सालदाराला दिसेल, यांना दिसेल. दोन वर्षांनी दिसलं. तेव्हा साठ झाडं उपटावी लागली. खड्ड्यांकडे पाहत यांनी मला विचारलं होतं, “तू तर तिकडे जायचीस. दिसलं नव्हतं काय तुला?” मी म्हटलं होतं, “नाही. मला काय कळतं त्यातलं?”

मी खोटं बोलले होते. आणि इतकी वर्षं त्या खोट्यापेक्षा त्या आधीच्या गप्प बसण्याला मी मोठं नाव देऊन ठेवलं होतं. आपल्यात वचनगुप्ती सांगितली आहे, वाणीचा संयम. दशलक्षणात प्रवचन ऐकताना मला वाटायचं, हे एक तरी आपल्याला साधलंय. घरात भांडण नाही, उलट उत्तर नाही. पण त्याच प्रवचनात भाषा समितीही सांगतात. बोलणं कसं असावं, तर हित, मित आणि प्रिय. मी मित सांभाळलं, प्रिय सांभाळलं. हित, जे पहिलं येतं, तेच सोडून दिलं. भीतीनं गिळलेला शब्द म्हणजे संयम नव्हे. पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. लोक तर भीतीचंच जास्त कौतुक करतात. “किती शांत आहे हो तुमची सून!”

काठावर उभी राहून, थरथरत, मी म्हटलं, “दिसला होता.”

“मग काहून नाही सांगितलंस?”

“तुम्ही सरळ म्हणत होतात.”

ते काही बोलले नाहीत. नावेतलं पाणी उपसायला लागले.

रात्री तंबूत झोप येईना. बाहेर नदीचा आवाज अखंड. लेक-जावयाच्या तंबूतला दिवा मालवला, तेव्हा मी म्हटलं, “एक सांगायचं होतं. बगीच्यातला डिंक्या. तो मला दिसला होता.”

बराच वेळ नुसती नदी.

“किती आधी?”

“झाडं काढली त्याच्या दोन वर्षं आधी.”

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, जुनी गोष्ट. कथांमध्ये असं म्हणतात. ते कूस बदलून झोपले. झोपले नसावेत. मलाही झोप नव्हती. एवढ्या लांब येऊन, परक्या जंगलात, एका नाजूक कापडाच्या घरात आपण तीस वर्षांच्या संसाराला भोक पाडलं, असं वाटत राहिलं.

सकाळी ते काठावर बूट बांधत बसले होते. वर न पाहता म्हणाले, “दोन वर्षं आधी कळलं असतं, तर निम्मी झाडं तरी वाचली असती.”

“हो,” मी म्हटलं. त्याला दुसरं उत्तर नव्हतं.

“बाबांनी ऐकलं नसतं.”

मी गप्प.

दुसऱ्या बुटाची नाडी ते पुन्हा पुन्हा बांधत होते. मग म्हणाले, “मीही ऐकलं नसतं बहुतेक. हसलो होतो ना त्या दिवशी.” म्हणजे त्यांना आठवत होतं. मला वाटायचं, मला एकटीलाच आठवतं.

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही घरातले सगळे एकमेकांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. तीस वर्षं म्हणतोय. कशाबद्दल, ते कुणी कुणाला विचारत नाही. त्या सकाळी आम्ही दोघांनीही ते शब्द उच्चारले नाहीत, पण कशाबद्दल हे दोघांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं आम्हाला आधी काठावरून चालत नेलं आणि खालचं पाणी दाखवलं. तिथे पाणी उजवीकडे वळत होतं. मध्ये तीन गोटे, त्यांच्यामधून वाट. मी तिसऱ्या गोट्याकडे बोट दाखवलं, तर हे म्हणाले, “मला नको दाखवू. मला तिथून दिसायचंच नाही. तू सांग.”

आणि मी सांगितलं. सांगितलं कसलं, किंचाळले. “डावीकडे! अजून डावीकडे! आता उजवी, उजवी, ओढा!” सौंसरच्या आमच्या गल्लीत माझा एवढा आवाज कुणी ऐकला नसेल. एकदा चुकले सुद्धा. उजवी म्हणाले आणि हात डावीकडे केला. नाव दुसऱ्या गोट्याला घासली. मागून यांनी विचारलं, “नक्की कुठली?” एवढंच. “तुला काही कळतं का” असं म्हणाले नाहीत. आम्ही दोघं गोट्याकडे झुकलो, नाव खरडत खरडत सुटली आणि मागच्या शांत पाण्यात गर्रकन वळून थांबली. आमच्याही अंगात पाणी, नावेतही पाणी, पण आम्ही नावेत होतो.

लेक काठावरून मोबाइलवर चित्रण करत होती. नंतर तिनं ते दाखवलं. त्यात माझा चेहरा दिसत नाही, हेल्मेट आणि उघडं तोंड तेवढं दिसतं. ते तिनं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. जाऊबाईंनी खाली लिहिलं, “वहिनी, एवढं कुणाला ओरडताय?”

परत आल्यावर लोक विचारतात, कॅनडा कसा आहे? मी नायगाऱ्याबद्दल बोलते. तेच ऐकायचं असतं सगळ्यांना. या नदीचं मी आज पहिल्यांदा लिहितेय, यांना वाचून दाखवूनच.

सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. परवाच दुकानाच्या एका कागदाबद्दल मला शंका आली आणि मी चार दिवस घोळवत बसले. पाचव्या दिवशी बोलले. चार दिवस हेही कमीच म्हणायचे. पण जुलैत पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा हे सकाळी म्हणाले, “चल, बगीच्यात जाऊन येऊ.” उपटलेल्या झाडांच्या जागी लावलेली झाडं आता चांगली डोक्याच्या वर गेली आहेत. तिसऱ्या ओळीत एका झाडाच्या बुंध्याशी पाणी तुंबलं होतं, माती सालीपर्यंत चढली होती. डिंक नव्हता अजून. मी म्हटलं, “इथे चर काढायला हवा. आणि या ओळीला बोर्डो लावायला हवा.”

ते वाकले, हातानं माती बाजूला केली, साल पाहिली. मग सालदाराला हाक मारून म्हणाले, “ताई काय सांगतात ते ऐकून घे.”